न दुखणारे दुखणे : रक्तदाब

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा पुष्कळांना वाटले असेल की आम्ही गिरणी कामगारांच्या घरांवर बोलणार. तो आमचा नेहमीचाच विषय आहे. पण आज आम्ही बीपीवर, म्हणजे रक्तदाबावर बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही. शाळा नववीत सुटली, गिरणीत बदली म्हणून लागलो आणि साचेखात्यात आयुष्य गेले. जे शिकलो ते वाचनालयात बसून आणि इस्पितळाच्या रांगेत उभे राहून. वस्तीतल्या आजारी माणसाला घेऊन दवाखान्यात जायचे काम कधी आमच्याकडे आले ते कळलेच नाही. त्या खेपांमध्ये डॉक्टर मंडळींना विचारून, आणि मग घरी येऊन वाचून, जे समजले तेवढेच सांगतो. कुणी कोणती गोळी घ्यायची हे आम्ही सांगणार नाही. ते काम डॉक्टरांचे.

हाच विषय का घेतला, तर आमच्या खात्यातले एक जुने साचेवाले. नाव घेत नाही, घरची मंडळी समोरच बसलेली आहेत, त्यांना विचारूनच सांगतो आहोत. माणूस धडधाकट. एका तपासणीत त्यांचा दाब १७०/१०० निघाला. डॉक्टरांनी गोळी चालू केली. तीन महिन्यांनी परत मोजला तर १३०/८०. झाले! काकांनी सगळ्या चाळीला सांगितले, "आपला बीपी गेला." गोळी बंद. आम्हीच नव्हे, घरच्यांनी सांगितले, सुनेने सांगितले, पण उत्तर एकच : "मला काही होतंय का? मग उगाच गोळ्या कशाला गिळू?" आणि खरेच त्यांना काही होत नव्हते. दीड वर्ष काही झाले नाही. एके दिवशी पहाटे पाणी भरताना हातातली बादली सुटली, उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुढे सहा वर्षे ते खाटेवर होते. मावशींनी धुण्याभांड्याची कामे सोडली, मुलीची बारावी राहिली. एका माणसाच्या मेंदूतली एक नळी फुटली आणि चार माणसांचे घर आडवे झाले.

आता हा दाब म्हणजे काय? गिरणीवाल्यांना समजावणे सोपे आहे. बॉयलर सगळ्यांनी पाहिला आहे. बॉयलरमध्ये वाफेचा दाब असतो, तो नळ्यांतून खात्याखात्यात जातो. तसा आपल्या हृदयाचा पंप रक्त ढकलतो आणि त्याचा दाब नळ्यांच्या भिंतीवर पडतो. हृदय आवळते तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा, हृदय सैल पडते तेव्हाचा म्हणजे खालचा. १२०/८० च्या खाली असला तर उत्तम. दाब वर्षानुवर्षे जास्त राहिला की नळ्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, हृदयाला जोर जास्त लावावा लागतो, मूत्रपिंडातल्या आणि डोळ्यातल्या बारीक नळ्या खराब होत जातात, आणि मेंदूतली एखादी नळी फुटते किंवा तुंबते.

बॉयलरवाला काय करतो? बॉयलरला हात लावून "आज बरा वाटतोय" असे म्हणतो का? तो घड्याळाचा काटा बघतो आणि वहीत आकडा लिहितो. बॉयलर कितीही नवा असो, सरकारी इन्स्पेक्टरची तपासणी चुकत नाही. आणि काटा खाली आला म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह काढून घरी नेणारा माणूस आम्ही अजून पाहिलेला नाही. आमच्या साचेवाल्या काकांनी तेच केले. गोळीमुळे काटा खाली होता, त्यांनी गोळीच काढून टाकली.

पुष्कळांची समजूत अशी की दाब वाढला की डोके दुखते, चक्कर येते, डोळे लाल होतात. बहुतेकांना यातले काहीच होत नाही. उलट डोके दुखते ते ऊन लागल्याने, उपाशी राहिल्याने, चष्म्याचा नंबर वाढल्याने. डोके दुखेल त्या दिवशी गोळी आणि नाही दुखले त्या दिवशी सुट्टी, हा आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर चाललेला प्रकार आहे. २०१९ ते २०२१ या काळात सरकारची जी मोठी कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात पंधरा वर्षांवरच्या शंभर पुरुषांत २४ आणि शंभर बायकांत २१ जणांचा दाब वाढलेला, किंवा औषधावर असलेला आढळला. म्हणजे घरटी एक म्हटले तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली अहवाल काढला, तो तर आणखी बोलका आहे. भारतात तीस ते एकोणऐंशी वयाच्या, दाब वाढलेल्या शंभर माणसांपैकी निदान झालेले ३७, औषध घेणारे ३० आणि दाब खरोखर आटोक्यात असलेले फक्त १५. उरलेल्या ८५ जणांत आपल्यापैकी कोण आहे हे इथे बसून सांगता येणार नाही. मोजावे लागेल.

आता मोजण्याविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण घोळ इथेच होतो. पट्टा आवळून दाब मोजायची युक्ती इटलीच्या रिवा-रोची नावाच्या डॉक्टरांनी १८९६ साली काढली, आणि १९०५ साली कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरांनी पट्ट्याखाली नळी लावून ठोके ऐकायची रीत दाखवली. शंभर-सव्वाशे वर्षांची जुनी, साधी गोष्ट. तरी आज दहापैकी किती ठिकाणी ती नीट होते? नाक्यावर मंडप असतो, मोठा फलक, फलकावर पुढाऱ्याचे हसरे तोंड, खाली "मोफत बीपी तपासणी". माणूस बस पकडायला धावत आलेला, घाम निथळतोय, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधला, "काका, नाश्ता झाला का?" असे विचारत विचारत आकडा घेतला आणि चिठ्ठी हातात दिली : १५८/९६. तो माणूस रात्रभर झोपत नाही. दुसऱ्याचा खरोखरीचा वाढलेला दाब अशाच गडबडीत "थोडा जास्त आहे, काळजी घ्या" एवढ्यावर सुटतो. शिबिरे घेऊ नयेत असे आम्ही म्हणत नाही, पण घाईत घेतलेला आकडा कामाचा नाही.

नीट मोजायचा कसा, तर आधी अर्धा तास चहा नको, विडी, तंबाखू, मशेरी नको, जिने चढउतार नको. लघवीला जाऊन यायचे. तुंबलेल्या लघवीनेसुद्धा आकडा चढतो. मग खुर्चीवर पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसायचे. पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नको. उघड्या दंडावर पट्टा, आणि हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा छातीच्या उंचीला येईल. हात खाली लोंबत असला तर आकडा खोटा वाढतो. मोजताना बोलायचे नाही, आणि मोजणाऱ्यानेही बोलायचे नाही. मिनिट-दोन मिनिटांनी दुसऱ्यांदा मोजायचा. पहिल्या खेपेला दोन्ही हातांवर मोजावा, ज्या हाताचा जास्त येईल तो हात पुढे कायम धरावा. आणखी एक, दंड जाड असला तर पट्टा मोठा लागतो. लहान पट्टा जाड दंडावर ओढूनताणून बांधला की दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. आमच्या मावश्या-काकूंना हे विशेष सांगणे आहे, लाजू नका, "बाई, मोठा पट्टा आहे का?" असे सरळ विचारा.

असा नीट मोजलेला दाब वेगवेगळ्या दिवशी, निदान दोनदा, १४०/९० किंवा त्यावर आला तर रक्तदाबाचा विकार म्हणतात. दोन्ही आकडे वाढलेले असायला हवेत असे नाही, एक वाढलेला असला तरी धरायचा. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१७ पासून ही रेघ १३०/८० वर आणली आहे, पण आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत १४०/९० चीच रेघ चालते. १२० आणि १४० च्या मध्ये असणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये, मीठ-वजन सांभाळावे, दरवर्षी मोजावे. दाब फारच चढलेला असेल तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघत बसायचे नसते, डॉक्टर त्याच दिवशी औषध देतात. काहींचा दाब डॉक्टर समोर दिसले की चढतो आणि घरी ठीक असतो. काहींचे नेमके उलटे असते, दवाखान्यात ठीक आणि घरी जास्त. म्हणून घरी मोजलेल्या आकड्यांना किंमत आहे. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ च्या खाली असावी. यंत्र घेणारांनी दंडावरचे घ्यावे, मनगटावरचे नको. आणि चार घरांत मिळून एक घेतले तरी पुरते.

निदान झाले की लघवीची आणि रक्ताची तपासणी करतात, साखर, चरबी, मूत्रपिंडाचे काम बघतात, हृदयाचा कार्डिओग्राम काढतात, डोळ्याचा पडदा बघतात. दाबाने आतापर्यंत कुठे काय बिघडवले आहे ते यातून कळते. "बीपी दाखवायला आलो तर लघवी कशाला मागतात?" म्हणून रागावून परत आलेले एक गृहस्थ आम्हाला ठाऊक आहेत. मागतात ते बरोबर आहे.

औषधाची गोष्ट सांगताना आम्हाला नेहमी परळची आठवण होते. १९४४-४५ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट, म्हणजे त्या काळचा जगातला सर्वात बलवान माणूस. १९४४ च्या मार्चमध्ये त्यांचा दाब १८६/१०८ होता. डॉक्टर उशाशी, पैसा हवा तेवढा, पण दाब उतरवणारे धड औषधच नव्हते. दाब चढत गेला आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी वरचा आकडा तीनशेला पोचला होता. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ साली, आपल्या परळच्या केईएम इस्पितळातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याच देशातल्या मुळीने दाब उतरतो, हे रुग्णांवर तपासून ब्रिटिश हार्ट जर्नल या विलायती मासिकात छापले. सगळ्या जगाने त्याची दखल घेतली. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. ज्या परळच्या फुटपाथवरून आपले बाप पाळीला जात होते, तिथे हे काम झाले आहे. पण म्हणून कुणी सर्पगंधाची मुळी आणून उगाळू नये. तिच्यापासून काढलेल्या औषधाने काही माणसांचे मन फार उदास होते असे पुढे दिसून आले, आणि तिच्यापेक्षा चांगल्या गोळ्या आल्यावर ते मागे पडले.

त्या चांगल्या गोळ्या आज महापालिकेच्या दवाखान्यात मिळतात, साठा संपला असेल तर जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतात. रूझवेल्टला जे मिळाले नाही ते आपल्या नाक्यावर आहे, आणि आपण ते अर्धवट टाकतो! गोळीचा त्रास होतो हे खरे आहे. अॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, एनालाप्रिल-रामिप्रिल जातीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, लघवी वाढवणाऱ्या गोळीने रात्री उठावे लागते. मग डॉक्टरांकडे जाऊन सांगायचे. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते. आपल्या मनाने बंद करायची नाही. काही गोळ्या एकदम तोडल्या तर दाब उसळी मारतो. शेजाऱ्याची गोळी आपण घ्यायची नाही, आणि आपली शेजाऱ्याला द्यायची नाही. सकाळची विसरली म्हणून रात्री दोन घ्यायच्या नाहीत. आणि "एकदा चालू झाली की कायमची लागते" या भीतीपोटी सुरूच न करणारे जे आहेत, त्यांना आमचे म्हणणे, चष्माही कायमचा लागतो, त्याला आपण नाही म्हणत नाही. कुणाचे वजन उतरले, मीठ सुटले आणि डॉक्टरांनीच गोळी कमी केली, तर आनंदच आहे. वरचा आकडा दहाने जरी उतरून राहिला तरी पक्षाघाताचा धोका साधारण पाव हिश्शाने कमी होतो.

गिरणीतल्या माणसांसाठी एक खास सूचना. आपली पाठ गेलेली, गुडघे गेलेले. केमिस्टकडून अंगदुखीची गोळी आणून रोज घेणारे इथे किती आहेत, हात वर करायला लावत नाही. डायक्लोफेनॅक, ब्रुफेन या जातीच्या गोळ्या रोज घेतल्या तर दाब वाढतो, दाबाच्या गोळीचा जोर कमी होतो आणि मूत्रपिंडालाही इजा होते. डॉक्टरांना दोन्ही दाखवा. पोटात गॅस झाला म्हणून पाण्यात सोडा टाकून उठताबसता पिणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे, त्या सोड्यात मिठातलाच सोडियम असतो.

आणि साचेखात्याचा आवाज! शेजारच्या साच्यावरच्या माणसाशी बोलायचे तर आम्ही हातवारे करत होतो. अशा आवाजात वर्षानुवर्षे काम केलेल्यांना आणि रात्रपाळी करणाऱ्यांना दाबाचा विकार जास्त आढळतो, असे अभ्यासांतून पुढे आले आहे. कान गेल्याची चर्चा निदान झाली, दाबाची कधीच झाली नाही. आज आपली पोरे सिक्युरिटीत, कॉल सेंटरात, डिलिव्हरीच्या कामात रात्री जागतात. त्यांना पंचविशीतच एकदा मोजायला लावा. तिशीनंतर तर प्रत्येकाने, वर्षातून एकदा तरी.

आता स्वयंपाकघरात येऊ. माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा, त्यात सगळे आले. हिशेब सोपा आहे. चार माणसांचे घर, महिन्याचे तीस दिवस, माणशी पाच ग्रॅम, म्हणजे महिन्याला सहाशे ग्रॅम. आता आपल्या घरी मिठाची एक किलोची पिशवी किती दिवसांत संपते ते बघा. महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलात, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, वडापाव, वेफर धरलेलेच नाहीत. सुकट-बोंबील आम्हालाही सुटत नाहीत. पण खारवलेली मासळी आधी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे, कालवणात वेगळे मीठ घालू नये, आणि त्या दिवशी ताटात पापड नको. ताटात वरून मीठ वाढायची पद्धत बंदच करावी. भाताला, चपातीच्या कणकेला, भाकरीला मीठ नसले तरी चालते. आठ-पंधरा दिवस अळणी लागते, मग जीभ वळते. मात्र घरात एका माणसासाठी वेगळे अळणी शिजवायला लावून त्या बाईचे काम वाढवू नका. सगळ्यांचेच कमी करा. पोरांनाही तेच बरे. सैंधव मीठ, काळे मीठ चालते असे कुणी सांगत असेल तर तेही मीठच आहे. कमी सोडियमचे म्हणून एक मीठ मिळते, त्यात काही भाग पोटॅशियमचा असतो. चीनमधल्या सहाशे खेड्यांत ते वापरून बघितले, त्याचा निकाल २०२१ साली आला आणि पक्षाघात कमी झाल्याचे दिसले. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना, आणि दाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते बाधू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये.

दारूविषयी आम्ही इथे जास्त बोलायची गरज नाही. पाचवे शील आपण दर रविवारी याच ठिकाणी म्हणतो. दारू दाब वाढवते, गोळीची वेळ चुकवते, आणि मीठ लावलेला चखणा बरोबर आणते, एवढेच सांगतो. तंबाखू-मशेरीने नळ्या खराब होतात. दाबाचा रोगी आणि वर तंबाखू म्हणजे दुहेरी मार. रोज अर्धा तास झपझप चालावे. आपल्या वस्तीत चालायला जागा कुठे आहे हा प्रश्न रास्त आहे, तो वेगळ्या सभेचा विषय आहे.

गरोदर बायांचा दाब प्रत्येक तपासणीत मोजून घ्या. पाय-तोंड सुजणे, सारखे डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे काही झाले तर "पहिलटकरणीला असं होतंच" म्हणून घरी बसवू नका, त्याच दिवशी न्या. दाबाच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, तेव्हा दिवस राहिल्याचे डॉक्टरांना लगेच सांगावे.

एकाएकी तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, किंवा छातीत दुखून दम लागला, तर १०८ ला फोन करा आणि मोठ्या इस्पितळात न्या. कांदा हुंगवणे, तोंडात पाणी-चहा ओतणे, जिभेखाली दाबाची कॅप्सूल फोडणे यातले काही करू नका. दाब एकदम कोसळला तर मेंदूला आणखी इजा होते. गुठळी झाली असेल तर ती विरघळवायचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.

२०१७ च्या नोव्हेंबरात सरकारने दाबासाठी एक मोहीम काढली. आपल्या राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. त्यात नवे औषध काही नव्हते. ठरावीक दोन-चार गोळ्या, महिन्याभराच्या एकदम हातात, प्रत्येकाची नोंद, आणि जो आला नाही त्याला शोधून काढणे. एवढ्यावर पुष्कळ लोकांचे दाब आटोक्यात आले आणि २०२२ साली त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. आमच्या साचेवाल्या काकांना असे शोधत कुणी आले नाही.

तेव्हा समितीशी बोलून आम्ही असे ठरवले आहे की पुढच्या महिन्यापासून पहिल्या रविवारी, सकाळी वंदनेच्या आधी, विहाराच्या मागच्या खोलीत दाब मोजला जाईल. दंडावरचे यंत्र आणले आहे, पट्टे दोन मापांचे आहेत. महिला मंडळाच्या दोन भगिनी आणि नर्सिंगला असलेली आपली एक मुलगी मोजायला बसतील. औषध देणार नाही, वहीत आकडा लिहिणार, जास्त आला तर पुन्हा बोलावणार आणि दवाखान्यात बरोबर माणूस देणार. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी गोळ्यांची पाकिटे घेऊन यावे. जो दोन रविवार आला नाही त्याच्या दारात आम्ही येऊ, तेव्हा रागावू नका. खोलीत पाच खुर्च्या आहेत, पाच-पाच जणांनी आत यायचे आणि पाच मिनिटे गप्प बसायचे. गप्पा बाहेर. आणि त्या दिवशी घरून चहा पिऊन येऊ नका, मोजून झाल्यावर इथेच चहा ठेवला आहे.

जयभीम.